मोल्तेच्या झोपेची नोंदवही

वार्डो बेटावरून सूर्य जातो नोव्हेंबरात,
तो जानेवारी निम्मा उलटेपर्यंत फिरकत नाही.
दुपारी बाराला आभाळ जरासं निळसर होतं,
शाईची दौत विसळल्यावर पाणी होतं तसं,
आणि लगेच विचार बदलतं.

मी बंदराच्या रडारवर रात्रपाळी करते.
एकतीस वर्षं जागं राहण्याचा पगार घेतला,
आता दिवसाही डोळ्याला डोळा लागत नाही.
पहाटे घरी येऊन बूट काढते, कोट टांगायला वळते,
तेवढ्यात माझ्या खुर्चीत बोका निजलेला.
शेपटीत नाक, अंगाचं मुटकुळं,
रंग दलदलीतल्या मोल्ते फळाचा,
म्हणून नावही तेच.

डॉक्टर सॉल्वीला फोन केला.
"सोळा तास झोपतो गं. आजारी असेल का?"
"जेवतो?"
"माझ्याहून चांगलं."
"मग झोपू दे. ही जात पहाटे आणि तिन्हीसांजेला
शिकारीला उठते. मधे ताकद साठवते."
"आणि जिथे पहाटच होत नाही, तिथे?"
फोनमध्ये थोडा वेळ नुसता वारा.
"नोंद ठेव," म्हणाली. "मलाही सांग."

भरती-ओहोटीची जुनी वही काढली.

४ डिसेंबर. ६:४० ते ९:१०. खुर्ची.
मिशा थरथरल्या. मागचा डावा पाय कुठेतरी पळत होता.
९:१० उठला. पाठीची कमान. बशीपर्यंत गेला,
बशी पाहिली, परत आला.
९:१४ पासून हीटरवर.

५ डिसेंबर. खिडकी. डोळे मिटलेले.
बर्फ उपसणारी गाडी गल्लीत शिरली
तसा एक कान, फक्त उजवा, तिच्यामागे वळला,
तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून
जागेवर आला.

हे मला ओळखीचं होतं.
मीही पडद्यासमोर अशीच असते,
सगळं अंग निजलेलं, एकच काहीतरी फिरत राहतं
अंधारातल्या बोटींमागे.

'झोप' शब्द खोडला. रकाने पाडले:
पेंग. डुलकी. गाढ.
पेंगेत पंजे पोटाखाली, उठून पळायच्या तयारीत.
डुलकीत मान एका बाजूला कलते.
गाढ म्हणजे पोट वर, चार पाय चार दिशांना,
जबडा सैल, जिभेचं टोक बाहेर विसरलेलं,
बंदराचा भोंगा वाजला तरी पत्ता नाही.

डबल ड्यूटीच्या आठवड्यात शेजारचा होरेक
दिवसभर येऊन बसायचा. त्याच्याकडून गाढचे आकडे मागितले.
"पोट?" तो म्हणाला, "याला पोट आहे?
माझ्यासमोर तर हा पावासारखा बसून पेंगतो
आणि दाराकडे तोंड."

मी काही बोलले नाही. त्याला कॉफी दिली.

१९ डिसेंबर. सुट्टी. मी पलंगावर, जागी.
६:२० ला बोका माझ्या पायांवरून उठला,
माझ्या अंगावरून चालत गेला,
आणि बाहेरच्या दारापाशी जाऊन बसला,
जिन्यात माझी पावलं वाजायची वाट बघत.
मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं,
मग पुन्हा दाराकडे.
बारा मिनिटं. नंतर परत आला, जरा रागावून.

सॉल्वीला कळवलं:
इथली पहाट सहा-वीसला होते. जिन्यात.

जानेवारीत एका दुपारी किल्ल्यावरून तोफ झाली.
सूर्य पुरता वर आला म्हणून शाळा सुटल्या,
गल्लीत पोरं ओरडत पळाली,
होरेक टोपी काढून अंगणात उभा राहिला.
फरशीवर उन्हाची पट्टी पडली, पाट ठेवावा एवढीच.
मोल्ते डोळे न उघडता सरकत सरकत तिच्यात गेला.
मी वही घेऊन शेजारी बसले,
पाठ भिंतीला.

त्या दिवसाची नोंद अपुरी आहे:
१२:०५. ऊन. पोट वर. जिभेचं टो
आणि तिथून पेनाची एक रेघ
घसरत घसरत
पानाबाहेर गेली आहे.